वेध

१६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. दुपारी अडीचच्या सुमारास सूर्यग्रहण लागणार होतं आणि माझी पाळी होती आठ ते चार. चिखल्याच्या मँगनीज खाणीत लागून मला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. सर्वे खात्यात खलाशी होतो, म्हणजे सर्वे साहेबाच्या मागे तिपाई, टेप आणि ओळंबे वाहायचे. आदल्या रात्री घरात एकच विषय, जावं की खाडा करावा. गावातल्या बऱ्याच जणांनी खाड्याचं ठरवलं होतं. सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी लागतात, त्यामुळे पहाटेपासूनच खाणं बंद. आठ तास खाली राबायचं आणि पोटात अन्न नाही, हे आईला पटेना. शेवटी निकाल तिनंच दिला.

‘जिथं सूर्यच दिसत नाही तिथं गिरान कायचं रे? डबा घेऊन जाय, खाली उतरून खाजो. पन वर असताना पानी नको पिऊ.’

मला हसू आलं होतं. आज पासष्टी ओलांडल्यावर वाटतं, तो निकाल एखाद्या शास्त्र्याला शोभेल असा होता. पंचांगवाल्यांचा नियमही हाच आहे. जिथे ग्रहण दिसणार नाही तिथे ते पाळायचं नाही. अमेरिकेत लागलेल्या ग्रहणासाठी तुमसरात कुणी आंघोळ करत नाही. चंद्र नुसताच मळकट होतो त्या छायाकल्प ग्रहणालाही पंचांगात पाळणूक नसते, कारण ते डोळ्यांना धड कळत नाही. मात्र आभाळ भरून आलं म्हणून सुटका नाही. ढगाआड का होईना, ग्रहण आपल्या आभाळात आहे, तेव्हा पाळायचं. थोडक्यात, ढगाची अडचण मोजायची नाही, क्षितिजाची मोजायची. सूर्य आणि आपण यांच्यामध्ये पृथ्वीच आली तर मोकळे.

आता खाणीचं छत कशात धरायचं, ढगात की क्षितिजात? डोक्यावर शे-दोनशे फूट खडक, म्हणजे मध्ये पृथ्वीच आली की. अमेरिकेतल्या माणसापुढे ती आठ हजार मैल जाड असते, माझ्यापुढे दोनशे फूट, एवढाच फरक. पण दोनशे फुटांनी सुटका होत असेल तर घराच्या स्लॅबनं का होऊ नये? स्लॅबही वाळू-सिमेंटचा, म्हणजे मातीचाच. किती माती मध्ये आली म्हणजे माणूस ग्रहणातून सुटला? हा प्रश्न मी पुढे अनेकांना विचारला. एका कीर्तनकार बुवांनी हसून विषय बदलला. एका इंजिनियरनं ‘हे सगळं थोतांड’ म्हणून विषय संपवला. दोघांचाही मला सारखाच राग आला.

त्या दिवशी खाली लेव्हलवर आम्ही पाच-सहा जण होतो. माझ्या जोडीचा खलाशी बौद्ध घरातला, वयानं माझ्याहून थोडा मोठा. बरोबर अडीच वाजता त्यानं डबा उघडला. साडेबाराला जेवण झालं होतं त्याचं, हा दुसरा डबा मुद्दाम आणलेला. भात आणि लाखोरीची डाळ. मला म्हणाला, ‘खा.’ मी आईचा निकाल सांगितला, तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, त्याचा आजा ग्रहण सुटलं की गावातून ओरडत फिरायचा, दे दान सुटे गिराण. लोक जुनेरं द्यायचे, सुपात धान टाकायचे. चंद्र-सूर्याला धरणाऱ्याची देणी आमच्या हातून फिटत होती म्हणे, म्हणून दान आम्हाला. १९५६ साली नागपूरला दीक्षा झाली आणि त्या वर्षापासून आजा ग्रहणात घराबाहेर पडला नाही. ‘आजा मरेपर्यंत ग्रहण लागलं की घरात बसून जेवायचा,’ तो म्हणाला. ‘भूक असो नसो.’

मी त्याच्या डब्यातला भात खाल्ला. आईनं खाली खायची परवानगी दिली होती, कुणाच्या डब्यातलं ते सांगितलं नव्हतं.

खरी अडचण चार वाजता आली. पाळी संपली. केजमधून वर यायचं, आणि वर ग्रहण अजून बरंच शिल्लक. आईच्या हिशेबानं मी शुद्धातून वेधात उतरणार होतो, म्हणजे खरं तर चढणार होतो. केज तोंडाशी आला आणि उजेड बघून आम्ही सगळे गप्प झालो. ऊन होतं, पण त्यातला जोर गेलेला. पितळी भांडं राखेनं घासून पाणी न लावता ठेवलं की दिसतं तसलं ऊन. ऑफिसपुढच्या आंब्याखाली सावलीत उन्हाचे कवडसे पडलेले, आणि प्रत्येक कवडसा कोयत्याच्या आकाराचा. शेकडो कोयते जमिनीवर हलत होते. पानापानांमधल्या फटीनं सूर्याचं चित्र जमिनीवर उतरवलं होतं. रोजचा गोल कवडसाही सूर्याचंच चित्र असतो, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

सर्वे साहेबांनी थिओडोलाइट लावून ठेवला होता. डोळ्याच्या भिंगावर काळी काच. ‘ये, वेध घे,’ म्हणाले.

मी चमकलो. घरी वेध म्हणजे बंदी. खायचं नाही, चिरायचं नाही, बाहेर बघायचं नाही. इथे वेध म्हणजे डोळा लावायचा. जयपूरला सवाई जयसिंगानं बांधली ती वेधशाळा, आणि पोरांना दिवाळीचे लागतात तेही वेधच. एकाच शब्दात न बघणं, टक लावून बघणं आणि आतुर होणं. आमच्या भाषेनं हे तिन्ही एका दावणीला बांधले, त्यात काही तरी शहाणपण असावं. मी काचेला डोळा लावला. जुन्या यंत्रात चित्र उलटं दिसतं. उलटा, चावा घेतलेला सूर्य आणि त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या दोन बारीक रेघा. बघता बघता तो रेघांवरून घसरत निघाला. साहेबांनी स्क्रू फिरवून त्याला परत आणला, तो पुन्हा निघाला.

पुढे हीच माझी भाकर झाली. धनबादची परीक्षा देऊन मी स्वतः सर्वेअर झालो, आणि सूर्याचा वेध घेणं हे आमच्या कामाचं मूळच आहे. खाली बोगदा कुठल्या दिशेला न्यायचा, हे खाली कळत नाही. होकायंत्रावर विसंबता येत नाही, खाली रूळ, पाइप, यंत्रं, सगळं लोखंड. म्हणून खरी उत्तर दिशा वर सूर्यावरून किंवा ध्रुवावरून काढायची. सूर्य मोठा, त्याचा मध्य रेघेवर धरता येत नाही. म्हणून आधी एक कड धरायची, मग दुसरी, घड्याळ मांडीवर ठेवून सेकंद लिहायचे आणि सरासरी काढायची. सूर्य दोन मिनिटांत आपल्या स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. रस्त्यानं चालताना हे कधी जाणवत नाही, यंत्रात मात्र तो अक्षरशः पळतो.

पळतो कोण, तो की आपण? आर्यभटानं इसवी सन ४९९ मध्ये नावेची उपमा दिली. पुढे जाणाऱ्या नावेतल्या माणसाला काठावरची झाडं मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात. मी ती पुस्तकात वाचली ती फार नंतर. पण बावनथडी डोंग्यातून ओलांडताना काठ मागे जाताना पाहिलेला होता, त्यामुळे पटायला वेळ लागला नाही.

दिशा मिळाली की ती खाली न्यायची. शाफ्टमध्ये दोन बारीक पोलादी तारा सोडायच्या, टोकाला जड ओळंबे. ओळंबे झुलतात, म्हणून ते तेलाच्या बादलीत बुडवून ठेवायचे. हवा येणारी दारं बंद, केज बंद, सगळे गप्प. वरून गळणारा पाण्याचा थेंब तारेवर पडला तरी ती थरथरते. थांबायचं. वर या दोन तारांची दिशा सूर्यावरून काढलेली असते, खाली त्याच दोन तारा एकीमागे एक येतील असं यंत्र लावायचं. झालं. सूर्य खाली उतरला. दोन तारांमध्ये अंतर अडीच मीटर असेल आणि एक तार मिलिमीटरभर चुकली, तर तीनशे मीटर पुढे गेल्यावर बोगदा बारा सेंटिमीटर चुकतो. दोन्हीकडून येणारी माणसं समोरासमोर भेटायची असतात, तेव्हा बारा सेंटिमीटर म्हणजे थट्टा नव्हे.

म्हणून मी आईच्या निकालाशी वाद घालायचो तो या जागेवरून. ‘सूर्य खाली दिसत नाही, पण आम्ही त्याच्याच बोटाला धरून खाली चालतो. मग तिथं गिरान कसं नाही?’ तिचं उत्तर ठरलेलं असायचं. ‘बोट धरलं म्हनजे तोंड पाहिलं काय?’

ग्रहणाचं शास्त्र मराठी मुलखाला नवीन नाही. आर्यभटानं सांगून ठेवलं की चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला. चंद्राची वाट सूर्याच्या वाटेशी जराशी तिरकी आहे, पाच अंशांची. म्हणून दर अमावास्येला ग्रहण होत नाही. दोन्ही वाटा जिथे एकमेकींना छेदतात त्या दोन जागांचीच नावं राहू आणि केतू. चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा शिलालेख आहे. त्या भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धान्तशिरोमणीत ग्रहणाचं गणित मांडलं आणि वर असंही लिहिलं की ब्रह्मदेवाच्या वरानं राहू पृथ्वीच्या सावलीत शिरतो आणि मग चंद्राला झाकतो. गणितही राहिलं, राहूही राहिला. तरुणपणी मला ही लबाडी वाटायची. आता वाटत नाही. सावली मोजणारा माणूस घरी आल्यावर बायको-आईसमोर बसतो, तेव्हा त्याला सावलीला नाव द्यावं लागतं. मला यात चुकतं असं वाटतं ते एवढ्यापुरतं, की नाव दिलं की त्या नावानं दान मागायला कुणाला तरी उभं करतात. भास्कराचार्यांच्या गणितात माझ्या जोडीदाराचा आजा कुठेच नव्हता.

वेध घेणारे दुसरेही येऊन गेले. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास ग्रहण महाराष्ट्रावरून तिरपं गेलं. विजयदुर्गावर नॉर्मन लॉकियर, जेऊरला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे कावसजी नायगमवाला, आमच्या विदर्भात पुलगावला आणि तळणीला इंग्रज ज्योतिर्विद. तळणीला ॲनी माँडर या बाईंनी छोट्या कॅमेऱ्यानं सूर्याच्या प्रभामंडळाचा एक लांबच लांब झोत टिपला. गावोगावी लोक नदीत उभे आणि माळावर हे लोक काळ्या काचा लावून. दोघेही वेधातच.

पण ग्रहण म्हणजे सावली, आणि सावली खडकात शिरत नाही. खडकात शिरते ती ओढ. चंद्र-सूर्याच्या ओढीनं कोकणात समुद्र चढतो-उतरतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. जमीनही चढते-उतरते, हे मला पन्नाशीत कळलं तेव्हा मी दोन दिवस बेचैन होतो. समुद्रापासून इतक्या लांब चिखल्याची टेकडी, गोबरवाहीचं स्टेशन, शाफ्ट, माझ्या तारा, बादलीतलं तेल, सगळं दिवसातून दोनदा वीत-दीड वीत उचललं जातं आणि खाली बसतं. कुणाला कळत नाही, कारण सगळंच एकदम हलतं. ही भरती अमावास्या-पौर्णिमेला जास्त, कारण तेव्हा दोघांची ओढ एका रेघेत येते. ग्रहण असो नसो, दर अमावास्येला जवळपास तेवढीच. म्हणजे ज्याचा अंगावर खरोखर परिणाम होतो त्याला ना वेध, ना स्नान, ना दान. आणि ज्याला एवढा सोहळा, ते दुपारचं थोडं ऊन कमी होणं.

यावर आई काय म्हणाली असती ते मला ठाऊक आहे. ‘जे रोज होते त्याले कोन पाळते?’ यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही. धर्म रोजच्या गोष्टीला फार क्वचित हात लावतो. आमच्या धानाचंच बघा. पेरणी-रोवणी सूर्याच्या नक्षत्रावर, मृग लागला, आर्द्रा लागली असं मोजत. सण बहुतेक चंद्राच्या तिथीवर. दोघांच्या वर्षात अकरा दिवसांचा फरक पडतो, तो साठत गेला की अधिक महिना घालून जुळवून घ्यायचं. जावयाला अनारसे मिळतात, हिशेब मिटतो. इतकं मोठं जुळवून घेणं आपण इतक्या सहज करतो आणि त्याची कुणाला भीती वाटत नाही.

आमच्या दगडालाही चंद्राचा हिशेब लागू आहे. इथलं मँगनीज मुळात समुद्राच्या तळावर बसलेला गाळ. नंतर तो दाबला गेला, भाजला गेला, वळला. त्यासोबत सापडणाऱ्या एका खडकाला फर्मॉर या भूशास्त्रज्ञानं गोंडांच्या नावावरून गोंडाईट हे नाव दिलं. शंभर कोटी वर्षांच्या घरातली ही गोष्ट. तेव्हा चंद्र आजच्यापेक्षा जवळ होता, भरती मोठी होती आणि पृथ्वी भराभर फिरत होती, एकोणीस तासांच्या आसपास एक दिवस. भरतीच्या घासण्यानं पृथ्वी हळूहळू मंदावली आणि चंद्र दूर सरकत गेला. अजूनही सरकतोय, वर्षाला ३.८ सेंटिमीटर. १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेझर मारून हे मोजलं आहे. म्हणजे माझ्या एकोणचाळीस वर्षांच्या नोकरीत तो दीड मीटर लांब गेला. सूर्य चंद्रापेक्षा चारशे पट मोठा आणि साधारण चारशे पट लांब, म्हणून आज दोघांचं बिंब सारखं दिसतं आणि खग्रास होतं. साठेक कोटी वर्षांनी चंद्र इतका लहान दिसेल की सूर्य पुरता झाकणारच नाही. तेव्हा राहूही सेवानिवृत्त. पाळीचा भोंगा आठ तासांनी होतो, पण हा दगड ज्या गाळातून झाला त्या गाळानं एकोणीस तासांच्या दिवसात दोन पाळ्या आणि थोडा ओव्हरटाइम पाहिला असता, असं मी एकदा कँटीनमध्ये म्हणालो. कुणी हसलं नाही.

१९९५ चं ग्रहण लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी होतं, २४ ऑक्टोबरला. आईनं अंगणात पाण्याची परात ठेवून त्यात मुसळ उभं केलं. ग्रहण असेपर्यंत ते उभं राहतं आणि सुटलं की पडतं, असा समज. उभं राहिलं. शेजारच्या बाया येऊन हात जोडून गेल्या. दुसऱ्या दिवशी मी तीच परात घेतली, तेच मुसळ, ओळंबा लावून परात समतल केली आणि उभं करून पाहिलं. राहिलं. आईला हाक मारून दाखवलं. ती पदरानं हात पुसत आली, मुसळाकडे पाहिलं, आणि म्हणाली, ‘कालचं थोडं उरलं असंल.’ आणि आत निघून गेली. तिला कळलं नव्हतं असं मला वाटत नाही. तिला माझा ओळंबा आवडला नव्हता.

२००४ मध्ये ती गेली. माझा जोडीदार त्यानंतर काही वर्षांनी.

गेल्या वर्षी, ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. दुसऱ्या दिवसापासून पितृपक्ष. बायकोनं दुपारीच पाण्यात, दुधात तुळशीची पानं टाकली होती. मी काही बोललो नाही. रात्री दहाला नातीला घेऊन गच्चीवर गेलो. ढग येत-जात होते. सावलीची कड चंद्रावर चढू लागली तेव्हा तिला ती गोल असल्याचं दाखवलं. ही आपली पृथ्वी, म्हटलं. रात्र म्हणजे हीच सावली, रोज आपल्यावरून जाते, आज लांब चंद्रापर्यंत पोचली. अकरा वाजून गेले आणि चंद्र तांबडा झाला. तिनं विचारलं, या सावलीत आपलं घर कुठे?

मला थोडा विचार करावा लागला. चंद्र आमच्या डोक्यावर होता, म्हणजे सूर्य बरोबर पायांखाली. सावलीची कड पाडतात ती गावं, जिथे त्या घडीला सूर्य उगवतोय किंवा मावळतोय. चंद्रावरचा तांबडा रंग त्या सगळ्या पहाटांचा आणि संध्याकाळांचा. आपण त्या काठावर नाही, म्हटलं, आपण पार मध्ये आहोत. तिला ते फारसं आवडलं नाही. तिला घर दिसायला हवं होतं.

बाराला भोंगा झाला. रविवार असला तरी पंपावरच्या माणसांना खाली जावंच लागतं, पाण्याला सुट्टी नसते. गच्चीवरून शाफ्टकडे जाणारे तीन-चार कॅप लॅम्प दिसले. ग्रहण सुटायला दीड तास होता. ती माणसं खाली उतरली की त्यांचं ग्रहण तिथेच सुटायचं, की त्यांनी पाळी संपवून वर यावं आणि मग आंघोळ करावी? नात झोपायला गेली होती. हे आईलाच विचारायला हवं होतं.